दहा सत्रे, अकरा पुरुष आणि एक डुगडुगणारे स्टूल

केवळ पुरुषांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका समुपदेशन गटाची दहा सत्रे मी नुकतीच पूर्ण केली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि गटातल्या कोणाची ओळख उघड व्हावी अशी माझी इच्छा नाही. अशा सेवेची जाहिरात दिसली की पटकन पुढे सरकणाऱ्या पुरुषांपैकी मी स्वतः एक होतो. तशाच कोणाला या सेवेविषयी निर्णय घ्यायचा असेल, तर हे लिखाण त्याच्यासाठी आहे.

मी तेथे का गेलो, ते आधी सांगायला हवे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला सहा आठवडे जड काही उचलायचे नाही असे बजावले होते. चौथ्या आठवड्यात घर बदलण्याची वेळ आली, सामान वाहणाऱ्यांपैकी एक जण ऐनवेळी आला नाही आणि लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले. एका बाजूने पत्नीने हात लावला, दुसऱ्या बाजूने शेजारच्या बाई धावून आल्या, आणि मी पोटावर हात ठेवून बाजूला उभा राहिलो. तसे उभे राहणे मला अर्धा मिनिटही जमले नाही. "राहू द्या, मी घेतो," असे म्हणत मी शेजारच्या बाईंना बाजूला केले आणि कपाट उचलले. टाक्यांच्या जागी जी कळ आली ती मी तीन दिवस कोणाजवळ बोललो नाही. चौथ्या दिवशी सूज दिसू लागली, तेव्हा पत्नीच्या लक्षात आले. पुन्हा दवाखाना झाला आणि विश्रांती आणखी लांबली. "दुखतंय एवढं सांगता आलं नाही तुला?" या तिच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर मला जास्त खुपले ते वेगळेच: शेजारच्या बाईंना माझ्या शस्त्रक्रियेची पूर्ण कल्पना होती आणि मी बाजूला उभा राहिलो म्हणून त्यांनी मला कमी लेखले असते, असे मुळीच नव्हते. ज्या परीक्षकाला दाखवण्यासाठी मी कपाट उचलले, तो त्या जिन्यात हजरच नव्हता.

संस्थेच्या नोंदणी अर्जात "आपण आमच्याकडे का येत आहात?" असा प्रश्न होता आणि त्याखाली ताण, राग, झोप, व्यसन, नातेसंबंध, एकटेपणा असे पर्याय होते. मला झोप उत्तम लागते. तरीही मी 'झोप' या पर्यायावर खूण केली. दुसऱ्या सत्रात सुलभकांनी, म्हणजे गट चालवणाऱ्यांनी, सांगितले की, अकरापैकी सात जणांनी झोपेवरच खूण केली आहे. त्यावर सभागृहात जे हसू उमटले, ते आमच्या गटाचे पहिले हसू. हा पर्याय अर्जात मुद्दामच ठेवलेला आहे, असे त्यांनी सांगितले. मान खाली न घालता आत येता येईल असे एखादे दार ठेवावे लागते, नाहीतर माणसे येतच नाहीत. एवढ्या एका गोष्टीवरून या लोकांना आपले काम कळते, याची मला खात्री पटली.

प्रवेश देण्यापूर्वी प्रत्येकाशी वीस-पंचवीस मिनिटे स्वतंत्र बोलणे होते. त्यात जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे आडपडदा न ठेवता विचारले जाते, आणि ज्याला गटापेक्षा वैयक्तिक उपचारांची गरज आहे त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले जाते. हा टप्पा अनेक ठिकाणी नुसता उरकला जातो. येथे तो गांभीर्याने घेतला गेला. तो का घ्यावा, हे आकड्यांवरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगभरात दर एक लाख पुरुषांमागे आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १२.६ होते आणि स्त्रियांमध्ये ते ५.४ होते. प्रयत्नांची नोंद मात्र अनेक देशांत स्त्रियांमध्ये अधिक आढळते. कोणाला काही कळण्यापूर्वीच पुरुष निघून गेलेला असतो, असा या दोन गोष्टींचा एकत्रित अर्थ मी लावतो.

पहिल्या दिवशी नैराश्य तपासणाऱ्या दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. पहिली जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची. तिच्यात २७ पैकी माझे ६ गुण आले, म्हणजे काळजी करण्यासारखे फारसे काही नाही. दुसरी तेरा प्रश्नांची. तिच्यात ३९ पैकी १७ आले. एकाच माणसाची, एकाच सकाळची ही दोन चित्रे. दुसरीत उदासीबरोबरच चिडचिड, ताण सहन करण्याची कमी झालेली ताकद, कारण नसताना जाणवणारा थकवा, साधे निर्णय घेताना होणारी ओढाताण, दारू आणि कामात स्वतःला बुडवून घेणे यांविषयीही विचारले जाते.

या प्रश्नावलीमागची हकिकत सुलभकांनी फार चांगली सांगितली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तेथील सर्वसाधारण डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर बेटावरच्या आत्महत्या घटल्या. पण ती घट मुख्यत्वे स्त्रियांमधली होती, पुरुषांच्या संख्येत फारसा फरक पडला नाही. ज्या खुणा शोधायला डॉक्टर शिकले होते, त्या खुणा घेऊन पुरुष दवाखान्यात येतच नव्हते. वोल्फगांग रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अनुभवातून पुढे पुरुषांसाठीची तेरा प्रश्नांची ही सूची तयार झाली. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही राग, व्यसन आणि धोके पत्करणे ही लक्षणे जमेस धरली, तेव्हा २६.३ टक्के पुरुष आणि २१.९ टक्के स्त्रिया नैराश्याच्या निकषात बसल्या. एरवी हे पारडे नेहमी स्त्रियांच्या बाजूला झुकलेले असते. 'त्याचा स्वभावच तापट आहे' असे म्हणून आपण ज्यांना सोडून देतो, त्यांच्यातले किती जण प्रत्यक्षात आजारी असतील, हा विचार त्या दिवशी घरी जाताना डोक्यातून गेला नाही.

पहिली तीन सत्रे मात्र जड गेली, आणि त्याचा दोष मी संस्थेला देतो. अकरा अनोळखी पुरुषांना खुर्च्यांच्या वर्तुळात समोरासमोर बसवून "आज काय वाटतंय?" असे विचारले, तर उत्तर "ठीक" याखेरीज दुसरे येणार नाही. ते अकरा वेळा आले. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला भावनांची नावे लिहायला सांगितले. मी राग, आनंद, दुःख आणि भीती एवढी लिहून थांबलो, आणि पाचवे म्हणून 'भूक' लिहिले. शेजारच्याने 'ट्रॅफिक' लिहिले होते.

तिसऱ्या सत्रातील शब्दांचा खेळ त्या मानाने चांगला होता. लहानपणापासून ऐकलेली वाक्ये फळ्यावर लिहायची होती, आणि फळा पाच मिनिटांत भरला: मुलीसारखा रडतोस काय, पुरुषासारखा पुरुष असून घाबरतोस, बायकोच्या मुठीत आहे, कमावता झाल्याशिवाय बोलू नकोस. मग सुलभकांनी विचारले की, मुलीला 'मुलासारखी' म्हटले तर ते कौतुक होते, आणि मुलाला 'मुलीसारखा' म्हटले की शिवी कशी होते? कोणी काही बोलले नाही, पण खुर्च्या जरा सरकल्या. फळ्यावरची बहुतेक सगळी वाक्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रॅनन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या चार नियमांत बसतात, हे त्यांनी पुढे दाखवले: बायकी काही करायचे नाही, इतरांपेक्षा मोठे व्हायचे, झाडासारखे न हलता उभे राहायचे आणि वेळ पडली तर अंगावर धावून जायचे.

याच सत्रात सांगितलेला एक प्रयोग माझ्या कपाटाशी थेट जोडलेला निघाला. जेनिफर बॉसन आणि जोसेफ वँडेलो हे संशोधक असे मांडतात की, पुरुषपण हे एकदा मिळाले की कायमचे राहते असे समाज मानत नाही. ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते आणि एका प्रसंगात हातचे जाऊ शकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला दिली, तर काहींना तशाच पद्धतीने दोरी विणायला दिली. नंतर कोडे सोडवायचे की मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायचे, अशी निवड दिली, तेव्हा वेणी घातलेल्या पुरुषांनी ठोसे अधिक निवडले. आणि ठोशांचा जोर मोजला, तेव्हा तोही वेणीवाल्यांचाच जास्त भरला. बोटांची हालचाल दोन्हीकडे सारखीच होती. मी जिन्यात उचललेले कपाट म्हणजे माझी ठोशांची पिशवी होती.

चौथ्या सत्रापासून सगळे बदलले. खुर्च्या हलवून तेथे एक लांब टेबल मांडले होते आणि त्यावर पाच-सहा जुनी लाकडी स्टुले होती. दोघा-तिघांत एक स्टूल, पॉलिश पेपर, सरस, खिळे आणि फडकी. ही कल्पना ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या पुरुषांच्या सामुदायिक कार्यशाळांवरून घेतलेली आहे. तेथे निवृत्त किंवा एकटे पडलेले पुरुष एकत्र येऊन दुरुस्तीची कामे करतात, आणि पुरुष समोरासमोर नव्हे तर खांद्याला खांदा लावून बोलतात, असे तेथे मानले जाते. पहिल्या तीन सत्रांत जे साधले नाही, ते येथे वीस मिनिटांत साधले. नजर लाकडावर असली की समोरच्याचा चेहरा वाचावा लागत नाही, मध्येच थांबता येते आणि थांबलो तरी ते अवघडलेपण वाटत नाही, कारण हात चालू असतात.

माझ्या स्टुलावर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. ते स्टुलाचा पाय घासत होते, एकाच दिशेने, रेषा न मोडता. तसे घासता घासता म्हणाले, "मुलाला मिठी मारताना मी त्याच्या पाठीवर थापा मारतो. नुसती मिठी मला मारता येत नाही." थोडा वेळ पेपरचा आवाज तेवढा येत राहिला. मग पुन्हा म्हणाले, "आता तोही थापा मारतो." कोणी सल्ला दिला नाही. त्यांच्या पलीकडच्या माणसाने स्टूल उलटे केले आणि म्हणाला, "हा पाय झाला, आता तो घ्या." हा प्रसंग त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

त्याच टेबलावर एका तरुण वडिलांनी सांगितले की, बाळ झाल्यापासून सहा महिने सगळे जण आई कशी आहे आणि बाळ कसे आहे एवढेच विचारतात. आणि विचारले असते तरी आपण 'मजेत' असेच म्हटले असते. यावर मानसशास्त्रज्ञ बाईंनी माहिती दिली की, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये घेतला गेला, तेव्हा बाळाच्या जन्माआधीच्या आणि नंतरच्या काळात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळले होते. त्या तरुणाने ही टक्केवारी दोनदा विचारून घेतली. दुसऱ्या एकाची पत्नी नोकरी करते आणि तो घर व मुले सांभाळतो. अर्जातल्या 'व्यवसाय' या रकान्यात तो गेली चार वर्षे 'सल्लागार' असे लिहितो. "कोणाला सल्ला देता?" असे कोणीतरी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "कुकरला."

दोन सुलभकांपैकी एक पुरुष समुपदेशक आणि दुसऱ्या या मानसशास्त्रज्ञ बाई. या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे विचारले, तर मी बाईंच्या एका वाक्याकडे बोट दाखवीन. सहाव्या सत्रात त्या अचानक म्हणाल्या, "तुम्ही सगळे माझ्याकडे बघून बोलताय. ऐकायला इथे आणखी दहा जण बसलेत." ते अगदी खरे होते. मन मोकळे करायचे तर ते बाईजवळच, आई, बहीण, पत्नी, आणि त्या नसतील तर मानसशास्त्रज्ञ बाई, अशी आमची सवय होती. पुरुषाने पुरुषाजवळ बोलायचे म्हणजे क्रिकेट, गाडी आणि साहेब. या सवयीचा भार शेवटी घरातल्या बायकांवर पडतो, आणि पुरुषांच्या कोंडमाऱ्याविषयी बोलताना हा हिशेब सोयीस्करपणे वगळला जातो. बाईंनी तो वगळला नाही. ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांच्या मांडणीचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, पुरुषपणाचा जो आदर्श समाजात वरच्या जागी बसलेला असतो, त्यात प्रत्यक्षात फार थोडे पुरुष बसतात. तरीही बाकीचे सगळे त्याच मापाने स्वतःला मोजतात, कारण त्या मापाने स्त्रियांच्या तुलनेत मिळणारा फायदा त्यांनाही हवा असतो. हा विषय एका संपूर्ण सत्राचा होता. त्याला वीस मिनिटे मिळाली, आणि त्यातली पाच दोन सभासदांच्या 'पण आमचीही बाजू ऐका' यात गेली.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार जाहिरातीविषयी आहे. प्रवेशद्वारावरच "खरा मर्द मदत मागतो" असा भलामोठा फलक आहे. आत दहा आठवडे खरा मर्द नावाची परीक्षा किती महागात पडते हे शिकवायचे आणि दारात त्याच परीक्षेचा नवा पेपर वाटायचा, हे मला पटत नाही. काल न रडणारा खरा होता, आज रडणारा खरा. 'खरा' ही पदवी तशीच राहिली आणि ती देणाराही तोच राहिला. याविषयी मी विचारले, तेव्हा "त्याशिवाय लोक आत येत नाहीत" असे उत्तर मिळाले. ते चुकीचे नसेलही. पण झोपेच्या पर्यायाने हेच काम कोणालाही न डिवचता केले होते.

संस्थेचे अ‍ॅप हा याच दोषाचा विस्तार आहे. रोज एक भावना नोंदवायची, सलग नोंदी केल्या की साखळी वाढते, २१ दिवस झाले की 'योद्धा' असे पदक मिळते, आणि गटातल्या सर्वांची क्रमवारी दिसते. मी तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर होतो आणि पहिल्या क्रमांकावर कोण आहे याचा तपास करत होतो. एका मंगळवारी मी 'विषण्ण' अशी नोंद केली, कारण 'कंटाळा' सलग तीन दिवस झाला होता आणि तेच ते लिहिणे बरे दिसले नसते. शिवाय अ‍ॅपच्या सूचना मोबाईलच्या पडद्यावर उघड दिसतात. कार्यालयातल्या बैठकीत माझा मोबाईल मोठ्या पडद्याला जोडलेला असताना "आज तुमचे मन काय म्हणते?" हा प्रश्न चौदा सहकाऱ्यांनी एकत्र वाचला. मी "कसलीतरी जाहिरात" म्हणून वेळ मारून नेली. गोपनीयतेची हमी देणाऱ्या सेवेने एवढी साधी गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती.

आठव्या सत्रात बोलावलेले व्यायाम प्रशिक्षक पाऊण तास मन पोलादी कसे करावे यावर बोलले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शेवटच्या दिवशी तेरा प्रश्नांची सूची पुन्हा भरली, तेव्हा माझे १७ चे ११ झाले. या घसरणीवर मी फार भरवसा ठेवत नाही, कारण कोणत्या उत्तराला किती गुण हे तोपर्यंत मला चांगलेच कळले होते आणि परीक्षेत चांगले गुण मिळवण्याची खोड एवढ्यात जाणारी नाही. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो, तेव्हा मात्र डॉक्टरांनी "दुखतंय का?" असे विचारल्यावर मी "हो, वाकताना डाव्या बाजूला" असे सांगितले. पत्नी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पिशवीतून जुने रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा फलकासाठी कापला आणि एक अ‍ॅपसाठी. ज्याला लगेच उपचारांची गरज आहे त्याने येथे वेळ न घालवता थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, आणि दोन-तीन भेटींत मोकळे होऊ असे ज्याला वाटते त्यानेही येऊ नये, कारण पहिली तीन सत्रे नुसती खुर्चीवर बसण्यात जातात. बाकीच्यांनी जरूर जावे. नावनोंदणी करताना सुतारकामाचे टेबल या तुकडीत आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण सगळ्या तुकड्यांना ते मिळत नाही. अ‍ॅपच्या सूचना पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. लाकडाचा भुसा बराच उडतो, तेव्हा नाकाला बांधायला रुमाल न्यावा. दुरुस्त केलेले स्टूल घरी नेऊ देतात. आमचे अजून एका पायावर डुगडुगते. ते आम्ही तिघे आळीपाळीने महिनाभर ठेवतो आणि सध्या ते मिठीवाल्या गृहस्थांकडे आहे.